दांड्याची जागा

आषाढाच्या पावसाने कोकणातील उघड्यावरच्या सर्व कामांना सक्तीची रजा दिलेली असते, आणि अशा रजेच्या दिवसांत ज्या घराच्या पडवीत लोहाराची ऐरण आणि सुताराचा ठिय्या शेजारी शेजारी मांडलेला असतो, त्या घरी अवजारांविषयीच्या वादाला तोटा पडत नाही. अशाच एका पडवीत, पागोळ्यांच्या पडद्याआड बसून, मी दोन वृद्धांचा एक वाद दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ऐकला. एक मास्तर, औद्योगिक शाळेत तीस वर्षे धातुकाम शिकवून निवृत्त झालेले, कागद, पट्टी व पेन्सिल यांवाचून कोणताही विचार न करणारे. दुसरे आबा, पिढीजात सुतार, लाकडाच्या तुकड्यावरून अंगठा फिरविल्यावाचून त्याच्याविषयी अवाक्षर न काढणारे. मास्तरांनी एका सुरीचा मसुदा तयार केला होता व तो आबांच्या मंजुरीसाठी रुजू केला होता. सुरी एकच, परंतु तिने सुरीचे काम करावे आणि त्याखेरीज लाकूड उकलण्याच्या ‘फ्रो’ नामक विलायती अवजाराचेही काम करावे, अशी त्यांची तजवीज होती.

फ्रो आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही. इंग्लंडातील ओक, ॲश व चेस्टनट यांच्या रानांत हे अवजार वाढले आणि तेथील वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत गेले. टॉमस टस्सर या सोळाव्या शतकातील इंग्रज शेतकरी-कवीने १५७३ च्या आपल्या ग्रंथात शेतकऱ्याच्या सरंजामाची यादी दिली आहे, तीत लाकडाच्या पट्ट्या उकलण्याच्या या लोखंडाची नोंद सापडते. हातभर लांबीचे, जाड पाठीचे, जवळजवळ बोथट पाते. त्याच्या एका टोकास कुदळीला असते तसे नेढे, आणि त्या नेढ्यातून वर उभा निघालेला लाकडी दांडा, असा त्याचा काटकोनी घाट असतो. ओंडक्याच्या माथ्यावर पाते आडवे ठेवावयाचे, पाठीवर मोगरीचा ठोका द्यावयाचा, आणि पाते आत शिरले की दांडा आपल्याकडे ओढून लाकूड उकलावयाचे. छपरांच्या लाकडी पाट्या, पिंपांच्या फळ्या, कुंपणांचे खांब हे सारे शेकडो वर्षे याच रीतीने सिद्ध होत आले.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून आपली कैफियत मांडली.

मास्तर : आबा, रानात जाणाऱ्या माणसाने खांद्यावर किती लोखंड वाहावे, याला काही मर्यादा हवी की नको? कोयता न्यावा, कुऱ्हाड न्यावी, पाचरी न्याव्यात, आणि इतके करून लाकूड सरळ उकलेल याची हमी नाहीच. त्यापेक्षा एकाच पात्यात दोन गुण आणले, तर माणसाची पाठ वाचेल आणि लोहाराचे पोलादही वाचेल.

आबा : पाठ वाचेल, पण काम वाचणार नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे आपण ऐकलेले आहे. तुम्ही तर एका तलवारीत दोन तलवारी बसवायला निघाला आहात. सुरीला पातळ पाते हवे, फ्रोला जाड हवे. सुरीची धार केसासारखी, फ्रोची नखासारखी. सुरीच्या पाठीवर बोट ठेवायचे, फ्रोच्या पाठीवर मोगरी मारायची. या दोघींचा संसार एका घरात कसा होणार? एक ना धड, भाराभर चिंध्या.

मास्तर : मग तुमच्या घरातल्या विळीचे काय करायचे? तीच विळी भाजी चिरते आणि तीच नारळ खवते. सकाळपासून तुमच्या स्वयंपाकघरात दोन्ही कामे तिच्यावरच चालली आहेत आणि त्याबद्दल कोणाची तक्रार माझ्या कानावर आलेली नाही.

आबा काही वेळ गप्प राहिले. वादात प्रतिपक्षाने आपल्याच घरातला पुरावा पुढे ठेवला, म्हणजे समंजस माणसाला जी एक अडचण होते ती त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होती. परंतु त्यांनी दिलेले उत्तर अडचणीतून पळ काढणारे नव्हते. पुढचा सारा वाद त्याच उत्तरावर उभा राहिला.

आबा : विळीचे खरे आहे. पण विळी कशी आहे ते नीट पाहा. पाते आपल्या जागी आणि खवणी आपल्या जागी, अगदी टोकाला. खवणीचे दाते पात्याच्या धारेत मिसळलेले नाहीत. दोघींची वाटणी झालेली आहे, म्हणून भांडण नाही. तुमच्या या कागदावर मात्र एकाच धारेने सुरीही व्हायचे आहे आणि फ्रोही व्हायचे आहे. तुम्ही वाटणी न करता दोन कुटुंबे एका चुलीवर बसवली आहेत.

मास्तर : उत्तम. म्हणजे वाटणी झाली तर तुमची हरकत नाही. आता एक सांगा, फ्रोचे काम नेमके कशाने होते? धारेने?

आबांनी उत्तर न देता आत जाऊन आपला जुना कोयता, एक मोगरी आणि हातभर लांबीचा पोफळीच्या खोडाचा तुकडा आणला. पोफळीचे जून खोड उभे उकलून त्याच्या रिपा काढण्याचा प्रघात कोकणात सर्वत्र आहे. बाहेरचे कवच लोखंडासारखे आणि गाभा भुसभुशीत, त्यामुळे करवतीपेक्षा पाचर तेथे अधिक प्रामाणिकपणे काम करते. आबांनी तुकडा उभा ठेवला, कोयत्याचे पाते माथ्यावर आडवे टेकविले आणि पाठीवर मोगरीने तीन ठोके मारले. पाते चार बोटे आत गेले व तेथेच रुतून बसले. मूठ धरून त्यांनी ती डावीकडे पिळली, उजवीकडे पिळली. मनगटाच्या शिरा फुगल्या, परंतु खोडाने दाद दिली नाही. अखेर त्यांनी फटीत एक बाभळीची पाचर घातली, तिच्यावर एक ठोका दिला, आणि खोड वरपासून खालपर्यंत चर्र आवाज करीत दुभंगले.

आबा : पाहिलेत? धारेने फक्त दार उघडले. आत गेल्यावर धारेला कामच राहिले नाही. फाट धारेच्या पुढे पळाली.

मास्तर : पुस्तकात हेच लिहिलेले आहे. लाकूड हे तंतूंच्या जुडग्यासारखे असते. ते तंतूंच्या लांबीच्या दिशेने ओढून तोडायला जेवढा जोर लागतो, त्याच्या विसाव्या हिश्शानेही तंतू एकमेकांपासून आडवे विलग होतात. म्हणून एकदा फाट पडली की पात्याने फक्त दोन्ही अंगे दूर रेटायची. फाट स्वतःच्या पायांनी चालत जाते. फ्रोला धार नसली तरी चालते ते यासाठी. किंबहुना फार तीक्ष्ण धार अपायकारकच. ती तंतूंच्या वाटेने न जाता आडवी कापत सुटते.

आबा : आणि म्हणून उकललेले लाकूड चिरलेल्यापेक्षा मजबूत. करवत तंतू कापते, उकल तंतूच्या वाटेने जाते. उकललेल्या फळीवर पाणी ओघळून जाते; चिरलेल्या फळीच्या तुटक्या तंतूंत ते शिरते.

मास्तर : विलायतेतील गाड्यांच्या चाकांचे आरेही याच कारणासाठी ओकच्या गाभ्यातून उकलूनच काढीत. जॉर्ज स्टर्ट नावाच्या गृहस्थाने सरे परगण्यातील आपल्या घराण्याच्या चाकांच्या कारखान्याची हकीकत १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तीत या कामाचे सविस्तर वर्णन आहे. आता माझ्या मूळ प्रश्नाकडे या. पाते आत रुतले होते, तुमच्या हातात बळ होते, फाटही पडली होती. मग कोयता का हरला?

आबा : मूठ सरळ आहे म्हणून.

मास्तर : अगदी बरोबर. पात्याला त्याच्या लांबीच्या अक्षाभोवती पिळायचे आहे. कोयत्याची मूठ त्याच अक्षावर आहे, तेव्हा तुमच्या हाताला मिळणारी तरफ म्हणजे मुठीची अर्धी जाडी, दोन सेंटिमीटरांहून अधिक नव्हे. फ्रोचा दांडा काटकोनात उभा, तेव्हा तरफ चाळीस सेंटिमीटर. तोच हात, तेच बळ, आणि वीस पट परिणाम. फ्रोचा जीव त्याच्या पात्यात नाही, आबा. तो दांड्याच्या जागेत आहे.

येथे मला वादाचा रंग पालटलेला जाणवला. आतापर्यंत दोघेही पात्याविषयी भांडत होते. पाते जाड असावे की पातळ, तीक्ष्ण असावे की बोथट, यावर दोघांचीही सर्व बुद्धी खर्ची पडत होती. आता प्रश्न पात्यावरून दांड्यावर आला, आणि आबांनी मागितलेली वाटणी आपोआप पुढे आली. धार सुरीने घ्यावी, तरफ फ्रोने घ्यावी, आणि या दोन वस्तूंचे स्थान एकमेकींपासून दूर असावे. स्वित्झर्लंडात कार्ल एल्सेनर याने १८९७ साली नोंदविलेली अधिकाऱ्यांची खिशातील सुरी मास्तरांनी याच ठिकाणी उदाहरणादाखल काढली. तिच्यातही प्रत्येक हत्याराला स्वतःचे पाते आहे, एकाच पात्यावर सर्वांचा बोजा टाकलेला नाही. आबांनी ते ऐकून घेतले व कागद पुन्हा जवळ ओढला.

मास्तरांच्या मसुद्यात पाते नऊ इंच लांब, मूठ नेहमीसारखी मागे, आणि पात्याच्या टोकाला एक नेढे होते. रानात हाताला लागेल ती काठी छाटून या नेढ्यात बसवावी, म्हणजे सुरीचा फ्रो झाला, अशी त्यामागची कल्पना होती.

आबा : इथे दोन चुका आहेत. पहिली, तुम्ही सुरीचे टोक खाल्लेत. टोक नसलेल्या सुरीने दोरीची गाठ सोडवता येत नाही, सालीखाली शिरता येत नाही, फळाचे डाग काढता येत नाहीत. दुसरी चूक मोठी. पाते लाकडात पूर्ण बुडाले की पुढचा ठोका कुठे मारायचा?

मास्तर : पात्याचा जो भाग ओंडक्याच्या बाहेर राहील त्यावर.

आबा : बाहेर कोणता भाग राहील? एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला मूठ. म्हणजे मोगरी मुठीवर बसणार. चार दिवसांत रिबिटे ढिली होतील आणि सहाव्या दिवशी पाते हातातून निसटेल. खऱ्या फ्रोत दांडा एका टोकाला असतो आणि दुसरे टोक मोकळे असते. ते ठोके खाण्यासाठीच मोकळे ठेवलेले असते.

मास्तर निरुत्तर झाले. मसुदा करताना त्यांनी पात्याची जाडी, धारेचा कोन, वजन या सर्वांचे हिशेब मांडले होते. ठोका कोठे पडणार याचा हिशेब राहून गेला होता. कागदावर हात फिरवीत आबा पुढे म्हणाले :

आबा : नेढे टोकाला नको. मागे न्या, मुठीच्याही मागे. मूठ मध्ये, पाते पुढे, नेढे शेवटी. सुरी म्हणून वापरताना ते नेढे तळहाताच्या मागे राहील, हात निसटण्याला आडकाठीच होईल. फ्रो म्हणून वापरताना काठी मागे उभी राहील आणि टोकाकडचा भाग ठोके खाईल. टोकही राहिले, ठोक्याची जागाही राहिली.

मास्तर : पण मग सारा पीळ मुठीतून जाईल, आबा. पात्याचे शेपूट मुठीत निमुळते होत गेलेले असते. तुम्ही काठी ओढलीत की ते शेपूट सुतळीसारखे पिळून निघेल.

आबा : निमुळते कशाला? पूर्ण रुंदीने जाऊ द्या. दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या लावा आणि रिबिटांनी जखडा. आपल्या जुन्या कोयत्यांना असतेच की.

मास्तरांनी पेन्सिल उचलली. वीस किलो जोराने चाळीस सेंटिमीटरच्या काठीचे टोक ओढले, आणि मुठीतील पोलाद तीस मिलिमीटर रुंद व सहा मिलिमीटर जाड धरले, तर साधे लोखंड पिळून कायमचे वाकडे होईल. परंतु मोटारीच्या कमानीचे पोलाद, ज्यात शेकडा ०.६ च्या आसपास कार्बन असतो व जे झटके सोसण्याकरिताच घडविलेले असते, ते योग्य पाणी दिल्यास हा पीळ सहज सोसेल, असा हिशेब त्यांनी मांडून दाखविला. मग पाण्याची चर्चा निघाली. सबंध पाते लाल करून तेलात बुडवावे. नंतर धारेचे पाणी फिक्या पिवळ्या रंगावर, म्हणजे दोनशे वीस अंशांच्या आसपास थांबवावे, आणि पाठ व मूठ तापल्या लोखंडाच्या स्पर्शाने निळ्या रंगापर्यंत, म्हणजे तीनशे अंशांच्या जवळपास उतरू द्यावी. धार कठीण राहील, पाठ चिवट राहील, मोगरीच्या ठोक्याने तिचे कपचे उडणार नाहीत. या मुद्द्यावर दोघांचे पूर्ण मतैक्य झाले; आबांनी फक्त एवढीच अट घातली की मोगरी लाकडाचीच असावी, लोखंडी हातोडा पात्याच्या पाठीला कदापि लागू नये.

राहता राहिला प्रश्न नेढ्याचा. जाड पोलादाचे टोक वळवून त्याचे गोल नेढे करणे हे सामान्य लोहाराचे काम नव्हे, आणि मास्तरांना या एका कलमावर आपला सारा मसुदा बरखास्त होताना दिसू लागला. त्याच वेळी आबा उठले आणि पडवीच्या कोपऱ्यातील भंगारातून जीपच्या कमानीचा एक गंजलेला पाटा ओढून घेऊन आले. कमानीच्या सर्वांत वरच्या पाट्याची दोन्ही टोके गोल वळविलेली असतात; गाडीच्या सांगाड्याला तो पाटा खिळीने अडकविता यावा म्हणून कारखान्यातच त्यांना डोळे केलेले असतात.

आबा : हे घ्या तुमचे नेढे. मोटारवाल्याने फुकट करून दिले आहे.

मास्तरांनी पाटा हातात घेऊन डोळ्यातून बोट फिरविले. त्या डोळ्याचे छिद्र पाट्याच्या रुंदीच्या दिशेने आरपार जाते. पाट्याची एक कड धार झाली व दुसरी पाठ झाली, तर डोळ्यात घातलेली काठी धारेकडून पाठीकडे उभी निघणार, म्हणजे फ्रोला पाहिजे तशीच. ज्या दिशेविषयी मास्तरांनी अर्धा दिवस रेखाटने केली होती, ती दिशा भंगारातील तुकड्यात आधीच ठरलेली होती. आबांनी लगेच दोन सूचना जोडल्या. डोळ्याची वळलेली कड मूळ पाट्याला सांधून घ्यावी, नाहीतर ओढीखाली ती उघडत जाईल. आणि काठी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक तासून धारेच्या बाजूने आत घालावी, म्हणजे कुदळीच्या दांड्याप्रमाणे ती जितकी ओढावी तितकी घट्ट बसेल.

मास्तर : म्हणजे मंजुरी समजू ना?

आबा : अर्धी. लहान कामाला हे चालेल. वीतभर रुंदीच्या ओंडक्याला तुमचे नऊ इंची पाते पुरणार नाही, कारण ठोक्यासाठी चार बोटे बाहेर राहिली पाहिजेत. मनगटाएवढे लाकूड, बांबू, पोफळ, एवढेच. आणि सरळ तंतूंचेच. चिंचेच्या ओंडक्यावर हे चालवू नका. चिंचेचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तर खाटकाचा ठोकळा चिंचेचा करतात. तिथे फ्रोही हरतो आणि फ्रोवालाही.

मास्तर : आणि फाट एका बाजूला वळली तर?

आबा : तर जी बाजू जाड राहते आहे ती वाकवायची. तुकडा असा फिरवा की जाड बाजू खाली येईल, आणि दांडा दाबताना तिच्यावर भार द्या. फाट नेहमी जास्त वाकणाऱ्या बाजूकडे सरकते, म्हणजे ती पुन्हा मधोमध येते. बुरूड बांबू उकलताना हाच न्याय पाळतो. आणि दर वेळी अर्ध्यावरच उकलायचे. एकाचे दोन, दोनांचे चार. एका कडेची पातळ पट्टी थेट काढायला गेलात तर ती मधेच संपून जाते.

दिवे लागले तेव्हा मसुद्याच्या कडेला मास्तरांच्या हस्ताक्षरात आबांच्या चारही अटींचे शेरे पडले होते : नेढे मुठीच्या मागे, मूठ पूर्ण रुंदीची, मोगरी लाकडी, तंतू सरळ. आबांनी मात्र आपला मूळ अभिप्राय मागे घेतला नाही. घरी बसून काम करणाऱ्याने दोन अवजारे ठेवावीत, कारण घरात खुंट्यांना तोटा नाही, असे त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत कायम होते. आणि मास्तरांनीही ते नाकारले नाही. हे अवजार पायी चालणाऱ्या माणसाचे आहे, एवढेच ते म्हणाले.

दोघांचे ऐकून माझ्या मनाशी झालेला फैसला असा. दोन कामांची एक वस्तू करणे ही चूक नव्हे. दोन कामे एकाच जागी कोंबणे ही चूक. विळीवर खवणी टिकली ती तिला टोकाची जागा मिळाली म्हणून, आणि सुरीवर फ्रो टिकायचा असेल तर त्याला मुठीमागची जागा मिळाली पाहिजे. तेव्हा ज्या कोणास असे अवजार घडवून घेण्याची इच्छा होईल, त्याने लोहाराकडे जाताना धारेविषयी फार बोलू नये. भंगारातून डोळ्यासकट असलेला कमानीचा वरचा पाटा शोधून न्यावा आणि लोहाराला प्रथम तो डोळा दाखवावा.